पुजलेलं पासबुक

माझा एक मूर्खपणा आता नातवंडांना हसवायला कामी येतो. दुधाच्या पैशांचं माझ्या नावावर खातं होतं आणि त्याचं पासबुक मी पाच दिवाळ्या नुसतं पुजलं. हळद, कुंकू, अक्षता, सगळं. उघडून मात्र एकदाही पाहिलं नाही.

मग मिक्सर घ्यायचं मनात आलं. आमचे हे म्हणायचे, "पाट्यावरची चटणीच चवदार." खायला हे, वाटायला मी! शेवटी चिखलीला गेले आणि बँकेतल्या यंत्रात पासबुक सरकवलं. यंत्र घरघरलं आणि त्यानं ते अक्षतांसकट बाहेर फेकलं.

मागे पेरूची टोपली घेतलेली एक बाई उभी होती. तिनं अंबाड्यात फुलाच्या जागी पेन खोचलं होतं. जो तो तिला पेन मागायचा. ती द्यायची, पण टोपण आपल्या मुठीत ठेवायची. तिनं माझं पासबुक पदरानं पुसलं, पुन्हा सरकवलं आणि छापून आलेल्या रकमेवर बोट ठेवलं. मिक्सर सहज येत होता.

"काढा मंग," ती म्हणाली.

"ह्यांना विचारून येते."

"काऊन? म्हशीचं दूध ते काढतेत का?"

दूध मीच काढत होते. तिच्याच पेनानं पहिली स्लिप भरली. पैसे कमरेला खोचले आणि अशा तोऱ्यात निघाले की पेनही माझ्याच अंबाड्यात गेलं. पायऱ्या उतरते न उतरते तोच मागून टोपण नाचवत ती ओरडली,

"ओ बाई, पैसे तुमचे हायेत, पेन मातर माहं हाय!"