कृष्णाताचं विमान आणि सोनुबाईची बिडी

१९७८ च्या शिमग्यानंतर निपाणीत बातमी उठली, की स्टँडवरच्या कृष्णाताला पोलिसांनी धरलं. का, तर त्यानं म्हणे विमानातनं सीमाप्रश्नाची पत्रकं टाकली. दिवेलागणीपर्यंत पत्रकात काय छापलं होतं तेही लोक पाठ म्हणू लागले. एकानं तर आपल्या परसात पडलेलं पत्रक चुलीत घातल्याचं शपथेवर सांगितलं.

खरं एवढंच, की कृष्णात आपल्याच पायांनी चौकीत गेला होता. विमान हरवल्याची तक्रार द्यायला.

"केवढं हुतं?" हवालदारानं विचारलं.

कृष्णातानं दोन्ही हात पसरले. "ह्येच्यापेक्षा वीतभर कमी."

"पेट्रोल किती हुतं त्यात?"

"पेट्रोल न्हाय सायेब, रबर हाय. पीळ दिला की उडतंय."

हवालदारानं लेखणी खाली ठेवली आणि शिपायाला चहा आणायला पाठवलं. वेड्या माणसाशी गोड बोलावं, एवढं खात्यात शिकवत असावेत.

कृष्णात वेडा नव्हता. स्टँडवर कंट्रोलर होता. दिवसभर खिडकीत बसून कोल्हापूर, संकेश्वर, बेळगावच्या गाड्या सोडायच्या आणि न आलेल्या गाड्यांबद्दल शिव्या खायच्या, ही त्याची नोकरी. गाडीला दोन तास उशीर झाला तरी त्याच्या कपाळाला आठी पडत नसे. पण घरी विमानाच्या पंखावरची खळ वाळायला पाच मिनिटं जास्त लागली, की स्वारी जेवणावरनं उठायची.

निपाणीत जन्मून त्यानं तंबाखूला बोट लावलं नव्हतं. व्यसन हे एकच. बेळगावच्या रद्दीत त्याला लढाईच्या काळातलं एक इंग्रजी मासिक सापडलं. आत घडी घातलेला विमानाचा नकाशा. ते विमान तसंच्या तसं करायचं, बोटभरही फरक करायचा नाही, असा त्यानं पण केला. नकाशातलं हलकं विलायती लाकूड इकडं कुठलं मिळायला? मग बाशिंगं करणाऱ्याकडनं भेंड आणलं, खानापूरकडचा बांबू तासला, वर पतंगाचा कागद चिकटवला. रबराला चोळायला घरातलं एरंडेल संपवलं. ह्यात दोन वर्षं गेली. मधे बेळगावच्या एका हौशी माणसानं त्याला पेट्रोलचं छोटं इंजिन चालवून दाखवलं. कृष्णात ते ऐकून कानात बोट घालून परतला. "ह्ये इमान न्हवं, उडती पिठाची गिरण हाय," म्हणाला.

विमान उडण्याची त्याला चिंता नव्हती. चिंता होती उतरण्याची. उन्हाळ्यात तंबाखू निघाली की रानं तापतात, गरम वारा वर चढतो आणि त्या वाऱ्यात घारी पंख न हलवता गिरक्या घेतात. त्यात विमान सापडलं की गेलंच. त्यावर मासिकात तोड दिली होती. शेपटी दोऱ्यानं बांधायची आणि दोऱ्याला जळती वात लावायची. ठरल्या वेळी दोरा जळतो, शेपटी उभी राहते आणि विमान अलगद खाली बसतं. कृष्णातानं सुतळी, काकडा, उदबत्ती सगळं करून बघितलं. एक विझायचं, एक भडकायचं. शेवटी त्याचं लक्ष गेलं सोनुबाईच्या सुपाकडं.

सोनुबाई म्हणजे त्याची बायको. दिवसाला हजार बिड्या वळणारी बाई. कारखान्यात बिडी तपासताना मुकादम जी नापास करून बाजूला टाकतो, तिला छाट म्हणतात. तसल्या चार छाट बिड्या सोनुबाईच्या टोपलीत पडल्या होत्या. कृष्णातानं न विचारता त्यातली एक उचलली.

माळावर विमान धरायला शेजारचा आण्णाप्पा असायचा. धरताना कुरकुर करणं हा त्याचा पगार. कृष्णातानं हातड्रिलनं रबराला पाचशे पीळ दिले, आण्णाप्पाकडनं बिडी पेटवून घेतली आणि विमान सोडलं. ते चढलं, घारींच्या गिरकीत शिरलं आणि बिडीत तंबाखूचा मसाला सैल भरलेला असल्यानं निखारा गळून पडला. शेपटी काही उठली नाही. तांबडे पंख सौंदलग्याच्या अंगाला बारीक होत गेले. कृष्णात धावत होता. आण्णाप्पा मागनं ओरडत होता, "अरं, टाटा तर कर!"

चौकीतनं हात हलवत परतल्यावर कृष्णातानं स्टँडवर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हर-कंडक्टरला बजावलं, झाडं बघत या. आठवडाभर तो जेवला की नाही, कुणाला कळलं नाही. आठव्या दिवशी कोल्हापूर गाडी लागली, आणि भरमू कंडक्टर दारातनं आडवा होत उतरला. हातात विमान! सौंदलग्यात कुणाच्या तरी गवताच्या गंजीवर बसलं होतं. पंखाला एक भोक, बाकी सुखरूप. मागचं अख्खं बाकडं त्याला दिलं होतं. "दोन म्हाताऱ्या उभ्यानं आल्या," भरमू म्हणाला. "द्येवाची पालखी हाय म्हणून सांगितलं, तवा गप बसल्या."

घरी सोनुबाईनं शेपटीला अडकलेलं बिडीचं थोटूक बघितलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"अवो, ह्यी छाट न्हवं?"

"व्हय. फुकट जाणार हुती, म्हणून—"

"दोन वर्षांचं काम माज्या छाट बिडीला बांधलासा? अन् वर गल्लीत सांगतायसा, बिडीनं दगा दिला! आता ह्ये आणि एकदा उडवायचं, माज्या बिडीवर. न्हाय आलं खाली, तर नकाशा चुलीत. मीबी बिडी सोडून भाजी इकीन."

तसला नकाशा पुन्हा मिळायचा नव्हता आणि सोनुबाई बोलल्याप्रमाणं करणारी होती.

तिनं पान निवडलं, मसाला चिमटीनं मोजून दाबला, बिडी घट्ट वळली. पण नुसती बिडी ओढणाऱ्याशिवाय विझते. वरचा वारा तिला किती ओढेल? ते बघायला तीन संध्याकाळी गल्लीनं एक तमाशा पाहिला. पेटलेली बिडी काठीला बांधून कृष्णात या टोकापासनं त्या टोकापर्यंत पळतोय, आणि उंबऱ्यावर गजराचं घड्याळ घेऊन सोनुबाई ओरडतेय, "दमानं पळा! इमान का म्हशीवानी धावतंय?" तंबाखूला न शिवणारा माणूस बिडीमागं लागला म्हणून शेजारच्या जयाबाईनं पदर तोंडाला लावला. चौथ्या दिवशी बिडी तीन मिनिटांत दोरा बांधायच्या खुणेपर्यंत जळली. लागोपाठ पाच वेळा.

रविवारी माळावर अर्धी गल्ली जमली. सोनुबाईनं बिडी स्वतः बांधली, दोराही बिडीचाच. विमान चढलं. घारी होत्याच. ते त्यांच्या गिरकीत शिरलं तेव्हा कृष्णातानं डोळे मिटून घेतले.

"उघडा की," सोनुबाई घड्याळ धरून म्हणाली. "अजून अर्धं मिनिट हाय."

त्यानं उघडले नाहीत. मग माळावर एकदम ओरडा झाला. शेपटी उभी राहिली होती. विमान पाळण्यासारखं झुलत खाली येत होतं आणि आलं ते सोडल्या जागेपासनं दोन रानं पलीकडं, तंबाखूच्या खुंटांत. सोनुबाईनं घड्याळ बघितलं. तीन मिनिटं वर थोडी. "वारा कमी पडला," एवढंच ती म्हणाली आणि पदर सावरत घराकडं वळली. बिड्या वळायच्या राहिल्या होत्या.

कृष्णातानं विमान उराशी धरून आणलं. डोळ्यांत पाणी होतं ते धुळीनं असं तो म्हणाला. आण्णाप्पाला ते बघवेना. चिडवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

"लेका, दोन वर्सं घालवलीस. पर त्यात एक माणूस तरी बसतंय का? काय उपेग असल्या इमानाचा?"

कृष्णातानं पंखाची माती फुंकली.

"माणूस बसत न्हाय, म्हणूनच ते येळंवर येतंय."