दाताच्या बाकावरचे पेशंट

आमच्या ओपीडीतलं काही सांगायला बसले की घरचे म्हणतात, झालं, आता जेवण गार होणार! मी तरी काय करू? दर गुरुवारी नेवाशाच्या दवाखान्यात नगरहून मनाच्या आजारांचे डॉक्टर येतात, मी त्यांची समुपदेशक, आणि येणारा प्रत्येक जण काहीतरी मागे ठेवूनच जातो.

आमच्या दारावर पाटी आहे, 'मानसोपचार'. तिच्यासमोर बसायची कुणाची टाप! सगळे शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या बाकावर. एक आजी तर ओळखीचं माणूस दिसलं की गालाला हात लावायच्या. तासाभराने आत आल्या नि म्हणाल्या, "पोरी, धडधडीचं मागनं बघ. आता दाढच लई ठनकाय लागली."

*

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून एक दूधवाले काका थेट संगमनेरहून आले. पोटदुखी, आणि सोबत पिशवीभर रिपोर्ट. सोनोग्राफी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल, सगळंच नॉर्मल. काका जाम वैतागलेले. एवढं सगळं नॉर्मल, तर मग दुखतंय कुणाला, म्हणे!

डॉक्टर म्हणाले, "तुम्हालाच. रिपोर्टात दिसत नाही म्हणून दुखणं खोटं थोडंच असतं?"

काकांनी खिशातून मोबाईल काढला. "एवढं जरा आमच्या मंडळीला सांगता का?"

*

एका वहिनींच्या अंगात यायचं. आमच्यासमोरच आलं. केस मोकळे, घुमणं सुरू, आणि नवऱ्याची अशी काही झडती घेतली! धाब्यावरच्या पार्ट्या, सासूची बोलणी, माहेरी न धाडणं, काही म्हणता काही सोडलं नाही. भानावर आल्या तर त्यांना त्यातलं काहीच आठवेना. ढोंग नव्हतं ते. एरवी बोलायची सोय नव्हती, ते असं बाहेर पडत होतं. डॉक्टरांनी नवऱ्याला नीट समजावलं.

तो डोकं खाजवत म्हणाला, "म्हंजी मी हिचं रोज ऐकून घेतलं, तर देवी यायची न्हाई?"

बहुतेक नाही, डॉक्टर म्हणाले.

"मग देवीच परवडती, सायेब. ती फकस्त मंगळवारी येती."

*

आता रंगनाथभाऊ. कांदा मार्केटमध्ये लिलाव पुकारायचे. एक दिवस तिथेच टेम्पो रिव्हर्स येत होता, आणि त्यांचा जिगरी दोस्त, युसूफ हमाल, मागे पाठमोरा उभा होता. चाकाखाली त्याचा पाय सापडला. त्या दिवसापासून भाऊंच्या तोंडून शब्द फुटेना. घसा तपासला, ठणठणीत. खोकायचे तर असे खणखणीत की लोक म्हणायचे, नाटक करतोय.

पहिल्या दिवशी हेही दाताच्याच बाकावर बसले. नंबर आला तसं त्यांना आत नेऊन खुर्चीत आडवं केलं. सांगणार कसं बिचारे! दातांच्या डॉक्टरांना एक किडकी दाढ सापडलीसुद्धा. भूल द्यायच्या आत भाऊंची बायको, मंदाताई, धावत आल्या म्हणून दाढ वाचली.

हसून झालं, पण त्या माणसाकडे बघवत नव्हतं. मालकाने सांगितलेलं, दिवाळीपर्यंत थांबतो, मग दुसरा माणूस घेतो. भाऊंना पुकारण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं. बरेच गुरुवार गेले. शेवटी एकदा त्यांनी मोबाईलवर टाईप करून मला दाखवलं: 'मला टेम्पो दिसत होता. मी वरडलो न्हाई. नुस्ता बघत ऱ्हायलो.'

युसूफभाईंना बोलवू का, मी विचारलं. त्यांनी हात जोडले, नको.

पण मंदाताई कसल्या ऐकतात! पुढच्या गुरुवारी त्या त्यांना घेऊनच आल्या. युसूफभाई कुबड्यांवर, आणि भाऊ भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी भाऊंना विचारलं, लिहिलेलं दाखवू का त्यांना? भिंतीकडेच बघत त्यांनी मान डोलावली. मग मी ते मोबाईलवरचं युसूफभाईंना वाचून दाखवलं.

युसूफभाई म्हणाले, "याड लागलं का तुला, रंगा? तू बोंबललास म्हनून तर मी उडी मारली. न्हाईतर पायावर भागलं नसतं."

भाऊ जोरजोरात मान हलवायला लागले. नाही, नाही.

"आरं, शिवी बी हासडलीस. म्याडमसमोर सांगता येत न्हाई."

मंदाताईंनी पदर तोंडाला लावला होता. भाऊ हळूहळू वळले, युसूफभाईंकडे बघितलं, खाकरले.

"कंची?"