चोरांच्या पंगतीत जावई

माझी बायको पोलिसात हवालदार आहे आणि मी शिंपी. तिचं काम सायबर शाखेत. चोरी, फसवणूक, हरवलेलं माणूस, असं काही आलं की त्यातल्या माणसाच्या नंबराची माहिती मोबाइल कंपनीकडून मागवायची: कुणाशी बोलला, कुठं होता, इंटरनेटवर काय केलं. पत्र ती तयार करायची, सही साहेबांची.

एका दुपारी मोटारसायकल चोरांच्या नंबरांचं पत्र निघायचं होतं. साहेब तिच्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "हा एक नंबर त्यात घालून टाक."

"कुठल्या गुन्ह्यातला, साहेब?"

"अगं, गुन्हा कसला! होणारा जावई आहे माझा. मुलीचा बाप आहे मी, चौकशी नको करायला?"

"जरूर करा, साहेब. पण चोरांच्या पंगतीत जावयाला बसवू नका. हा नंबर मी नाही घालणार."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं, तेच तिला नडलं. लगेच बदली झाली. दिवसभर चौकात उभं राहायचं, धूर खात गाड्या अडवायच्या.

संध्याकाळी ती बादलीत पाय सोडून बसली होती. माझा जीव तुटला आणि तोंडही सुटलं. "एका नंबरानं काय आभाळ कोसळणार होतं? त्या मुलाला कळलंसुद्धा नसतं!"

ती शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडे बायका मापं देऊन जातात. कुणी पुरुष येऊन एखादीचं माप विचारायला लागला, तर सांगाल?"

"छे! दुकान आहे की चव्हाटा?"

"का? तिला कुठं कळणार आहे?"

मी उठलो आणि पाणी गरम करून आणलं.

वर्ष असंच गेलं. मग साहेब दुसरीकडे गेले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. त्यांनी जुनी पत्रं तपासायला घेतली, तर चोरांच्या नंबरांत वर्तमानपत्राचा एक बातमीदार निघाला, साहेबांच्या घरमालकीणबाई निघाल्या आणि तो जावईही. हिच्यानंतर आलेल्यानं सगळं निमूटपणे घातलं होतं. साहेबांची चौकशी लागली आणि माझ्या बायकोला चौकातून परत बोलावलं. आता गुन्हा किंवा हरवल्याची तक्रार नोंदलेली नसेल, तर त्या शाखेतून एकही नंबर बाहेर जात नाही. आणि परवा एक विसराळू आजोबा घर चुकले, तेव्हा रीतसर पत्र करून तिनंच त्यांचा ठावठिकाणा लावला, चहा गार व्हायच्या आत.

मागच्या रविवारी शेजारच्या काकू आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "सूनबाई, आमची पोरगी रात्रंदिवस कुणाशी चॅटिंग करते, तेवढं बघून देशील?"

बायको बोलायच्या आत माझी आई कडाडली. "पोरगी तुमची आहे ना? मग तिलाच विचारा! माझी सून साहेबाला बधली नाही, ती तुम्हाला बधणार?"

काकू खजील झाल्या. आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि ऐटीत खुर्ची ओढून सुनेच्या शेजारी बसली.