पात निळी होत नाही

आमच्या आठवीचा प्रयोग तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी निवडला गेला आणि मला आनंदानं दोन घास कमीच गेले. प्रयोग पुस्तकातलाच. पान सूर्याची ऊर्जा पकडतं, तिचं स्टार्च, म्हणजे पीठ, करून पेशींत साठवतं. हिरवा रंग काढून त्यावर आयोडीन टाकलं की ते काळंनिळं होतं. पुस्तकात जास्वंद होती, पण शाळेच्या तिन्ही बाजूंना कांदाच कांदा. म्हटलं, आपली पातच घेऊ.

पात आणली वर्गातल्या सगळ्यांत अबोल मुलीनं. प्रदर्शनात बोलायलाही मी हट्टानं तिचंच नाव दिलं होतं. तिचे वडील शाळेत येऊन सांगून गेले, "मॅडम, पाहुन्याफुडं तिला शब्द फुटत न्हाई. दुसरी पोरगी घ्या." मी ऐकलं नाही.

आणि पात तपकिरीच राहिली! पुन्हा केलं, पुन्हा तपकिरी. माझं डोकं फिरलं, सगळा राग आयोडीनच्या बाटलीवर काढला. तिला वाटलं, आपणच चुकीची पात आणली. ती डोळे पुसत घरी गेली.

संध्याकाळी मी रश्शाला कांदा परतत होते. तो तांबूस झाला, गोडसर वास सुटला आणि माझा हात थांबला. बटाट्यानं रस्सा दाट होतो. कांद्यानं गोड होतो. म्हणजे कांद्याजवळ पीठ नाहीच, साखर आहे! जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध काढून मी दोन्हींच्या कच्च्या फोडींवर टाकलं. बटाटा काळानिळा, कांदा जसाच्या तसा. सासूबाई म्हणाल्या, भाजी करतेस की मलमपट्टी? मी त्यांना मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मला धीर निघेना. कांदा ऊन पकडून साखर करतो, ती गड्ड्यात भरून ठेवतो, आणि चाळीत साठवलेल्या कांद्याला मोड फुटतात तेव्हा हीच साखर खर्ची पडते, हे मी एका दमात सांगून टाकलं. मग म्हटलं, प्रदर्शनात मात्र जास्वंद नेऊ, उगाच धोका नको. त्या मुलीनं नकारार्थी मान हलवली. तिला पातच न्यायची होती, सोबत एक बटाटा.

प्रदर्शनात परीक्षकांनी तपकिरी पात पाहिली, प्रयोग फसलाय म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, पण बोलायचं तिनं होतं. तिचे वडील दाराशी उभे होते, त्यांनी खाली पाहिलं.

"सर, थांबा," ती म्हणाली. "फसला न्हाई. आमचा कांदा पीठ साठवत न्हाई, साखर साठवतो. बटाटा बघा, मंग बोला."

परीक्षक मागे फिरले. तिनं बटाट्यावर थेंब टाकला, तो काळानिळा झाला. त्यांनी बाटली स्वतः हातात घेऊन पातीवर थेंब टाकून पाहिला, मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, सांग सगळं. ती सुरू झाली ती थांबेचना! पानापासून गड्ड्यापर्यंत, गड्ड्यापासून मोडापर्यंत. शेजारच्या टेबलांवरची मुलंही जमली. मला तर नाचावंसं वाटत होतं.

वेळ संपल्याची घंटा झाली. परीक्षक उठायला लागले, तेवढ्यात तिचे वडील गर्दीतून पुढे आले.

"बसा जरा साहेब," ते म्हणाले. "तिचं व्हायचंय अजून."