आईच्या नावे बावीस

नामस्मरणाकडे मी श्रद्धेने वळलो नाही, हे आधीच कबूल करतो. आमची मुलगी सई नऊ वर्षांची. तिची आई आणि मी दोन वर्षांपूर्वी वेगळे झालो. सई आईजवळ रोडपालीला राहू लागली, मी पनवेलच्या घरात एकटा उरलो आणि तिचा ताबा मिळावा म्हणून कुटुंब न्यायालयात अर्ज केला. निकाल लागेपर्यंत शनिवारी चारपासून रविवार संध्याकाळपर्यंत सई माझ्याकडे, असा हुकूम होता. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, रामनाम लिहा, लाख झालं की काम होतं. विश्वास नव्हता, पण दुसरं काही हातात नव्हतं. दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर ‘सई माझ्याकडे यावी’ असा संकल्प लिहिला आणि रोजचं नाम मोजून खाली बेरीज मांडू लागलो.

त्याच दिवशी तशीच दुसरी वही आणली होती. तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरच्या नोंदी ठेवणं हे माझं काम. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, ही सवय. शनिवारी सईला माझ्याकडे सोडायला तिच्या आईला किती उशीर झाला, ते मी या वहीत लिहीत असे. चौदा महिन्यांत एकोणसाठ शनिवार, पैकी एकेचाळीस उशिराचे, एकूण अकरा तास वीस मिनिटं. एका वहीत रामनाम, दुसरीत हे. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. आणखी एक सांगायला हवं. सई आली की मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, “जजसाहेबांनी विचारलं तर काय सांगशील?” ती नुसती नखं कुरतडायची.

सईशी बोलण्याआधी न्यायाधीशांनी आम्हा दोघांना समुपदेशक बाईंकडे पाठवलं. नंबर येईपर्यंत बाकावर बसून मी नाम लिहीत होतो. आत गेल्यावर बाई म्हणाल्या, “साहेब, इथे आईबापांत पहिला नंबर काढत नाहीत. मुलीचं भलं कशात आहे ते कोर्ट बघतं. शाळा, तब्येत, घरी लक्ष द्यायला कोण आहे, आणि या वयात थोडं तिचंही म्हणणं.”

“माझ्याकडे उशिराच्या नोंदी आहेत,” मी म्हणालो आणि पिशवीतून वही काढून पुढे ठेवली.

“असणारच,” सईची आई म्हणाली. “ड्यूटीवरून धावत येताना कळंबोलीच्या सिग्नलला अडकते, ती मिनिटंपण मोजलीस का रे?”

बाईंनी वही मागून उघडली आणि बघतच राहिल्या. मग ती माझ्याकडे फिरवली. ती नामाची वही होती. वीस वर्षांच्या नोकरीत मी चुकीचं रजिस्टर कधी कोणापुढे ठेवलं नव्हतं. शरमेने हात पुढे केला आणि थांबलो. शेवटच्या पानावर सईचं अक्षर होतं. कधीतरी रविवारी मी बाजारात गेलो असताना तिने लिहिलं असणार. मी पुढून लिहीत होतो, त्यामुळे माझ्या नजरेस कधी पडलं नव्हतं. ओळीने रामनाम, आणि खाली माझ्यासारखीच बेरीज. बाईंनी ती मोठ्याने वाचली. “एकूण चव्वेचाळीस. आईच्या नावे बावीस, बाबांच्या नावे बावीस.”

सईच्या आईने वही ओढून घेतली. बोटाने ओळी मोजून म्हणाली, “तेविसावं खोडलंय बघ. सारखं व्हावं म्हणून.”

दुसरी वही पिशवीतच होती. मी ती काढली नाही. “शाळा रोडपालीला आहे,” मी म्हणालो, “तर सई आईकडेच राहू दे.” हे शब्द मी घरून ठरवून आणले नव्हते. कोणी वदवले, सांगता येत नाही.

बाईंनी दोघांच्या संमतीचा मसुदा केला. शाळेचे दिवस आईकडे, शनिवार-रविवार माझ्याकडे, सुट्ट्या निम्म्या, सण आळीपाळीने, आजारपण दोघांनाही तत्काळ कळवायचं. पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी सईला आत बोलावून दहा मिनिटं गप्पा मारल्या, ती खुशीत आहे याची खात्री केली आणि तसा हुकूम दिला.

बाहेर आल्यावर सईने विचारलं, “आता मला कोणी विचारणार नाही ना, कोण पाहिजे ते?”

“नाही,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

“मग मला उसाचा रस पाहिजे. बर्फ घालून.”

तिघांनी रसवाल्याच्या गाडीपाशी उभं राहून रस घेतला. ती नखं कुरतडत नव्हती.

याला कोणी योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. मी मागितलं ते रामाने दिलं नाही. दिलं ते मागायची मला बुद्धी नव्हती. आठवड्यातले पाच दिवस सई माझ्या डोळ्यांआड असते. पूर्वी ते दिवस काढणं कठीण जाई. आता तिला रामाच्या हवाली करतो, आणि तिच्या आईच्याही, आणि निश्चिंत कामाला लागतो. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्याचे उपकार मोजायचे मात्र मी सोडून दिले आहेत.