गादीवर गेलेली तीन मिनिटं

गेल्या वर्षी जानेवारीतला एक रविवार, सकाळचे पावणेदहा. अतिदक्षता विभागाबाहेर मी आणि समोरच्या फ्लॅटमधले शेखभाई, दोघंच होतो. पन्नास हजार रुपये अनामत भरून झाली होती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "कार्डिअ‍ॅक अरेस्ट होता. हृदय आता चालू आहे. मेंदूचं मात्र बहात्तर तासांआधी काही सांगणार नाही."

कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदय अचानक बंद पडणं. मेंदूला रक्त पोचत नाही, म्हणून एकेक मिनिट महत्त्वाचं. त्यातली तीन मी कशी घालवली, ते सांगते.

आदल्या संध्याकाळी ह्यांची पाठ भरून आली होती. "दुपारची मिसळ बोलतेय," म्हणाले आणि पित्ताची गोळी घेऊन झोपले. मीही ते खरं मानलं. तुम्ही मानू नका. सकाळी सव्वासातला पलंगावर पेपर वाचताना त्यांची मान कलली. हलवलं, हाका मारल्या. उत्तर नाही, श्वास नाही.

मला सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, येत होतं. निदान माझी तशी समजूत होती.

करोना आला त्या वर्षी आमच्या धायरीच्या सोसायटीत त्याचा वर्ग ठरला होता, सरावाच्या रबरी पुतळ्यावर. टाळेबंदीत तो रद्द झाला आणि पुढे ऑनलाइन घेतला. पुतळ्याऐवजी उशी. ती जमिनीवर ठेवायला सांगितलं होतं, पण माझे गुडघे दुखतात, म्हणून मी पलंगावर ठेवली. शिकवणाऱ्या बाईंना पडद्यावर माझे फक्त खांदे दिसत होते. "छान," म्हणाल्या. हे दारातून म्हणाले, "उशी शुद्धीवर आली की चहा टाक." प्रमाणपत्र मिळालं. सगळं सुरळीत झाल्यावर पुतळ्याचा वर्ग राहूनच गेला. प्रमाणपत्र आहे, आता कशाला, म्हणणाऱ्यांत मीही होते.

त्या सकाळी मी रुग्णवाहिकेला फोन केला, दार उघडून शेखभाईंना हाक मारली आणि शिकले होते तशी पलंगावरच छाती दाबू लागले. शेखभाई अंघोळीत होते. मी मोजत होते. मिनिटाला शंभर, या हिशेबाने तीनशेपर्यंत आले.

ते ओल्या अंगाने धावत आले. करोनाच्या आधी कंपनीत पुतळ्यावर शिकलेले. "वहिनी, गादी दाबताय तुम्ही! खाली घ्या साहेबांना!"

चादरीसकट ओढून खाली घेतलं. त्यांनी दाबलं तशी बरगडी कडकन वाजली. मी किंचाळले.

"बरगडी जुळेल. तुम्ही मोजा."

आळीपाळीने दाबत राहिलो. बारा मिनिटांनी रुग्णवाहिका आली आणि तिच्यातल्या डॉक्टरांनी विजेचा झटका दिला.

दुपारी स्टेंट बसवला, म्हणजे तुंबलेली रक्तवाहिनी जाळीदार नळीने उघडली. सोमवारी हालचाल नाही. मंगळवारी नाही. न राहवून मी डॉक्टरांना त्या तीनशेंचं सांगितलं.

"त्यातले किती लागू पडले ते मोजता येत नाही," ते म्हणाले. "तुम्हीही मोजू नका."

ते मला जमलं नाही. बाकावर बसून तीन मिनिटं किती लांब असतात, ते घड्याळात बघत राहिले.

बुधवारी पहाटे ह्यांनी माझं बोट दाबलं. गुरुवारी घशातली नळी काढल्यावर विचारलं, "आज वार कोणता?" तासाभरात पाच वेळा विचारलं. पाचही वेळा मी गुरुवार सांगितलं.

अकराव्या दिवशी घरी आलो. आता ते फिरतात, बोलतात. आकडे मात्र मध्येच निसटतात. सुधारेल किंवा नाही, असं डॉक्टर म्हणतात. जे आहे ते मला पुष्कळ वाटतं.

जूनमध्ये पार्किंगमध्ये पुतळ्यावरचा वर्ग झाला. सव्वीस जण होतो. गुडघ्यांखाली सतरंजीची घडी घेऊन मी जमिनीवर बसले. प्रशिक्षिकेने माझ्या हातांवर हात ठेवून दाबलं, "अजून. अजून खोल." पाच सेंटीमीटर म्हणजे किती, ते मला तेव्हा कळलं. तुमच्याकडे फक्त पडद्यावर शिकलेलं कोणी असेल, तर त्यांना एकदा जमिनीवर बसवा.

माणशी दीडशे रुपये फी होती. "मी देतो," म्हणून ह्यांनी शंभराच्या नोटा हातात घेतल्या. सतराला अडले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडले. प्रशिक्षिका थांबून राहिली. मी पुढे झाले नाही. तिसऱ्यांदा एकोणचाळीस भरल्या आणि तीन हजार नऊशे रुपये त्यांनी स्वतः तिच्या हातात दिले.