साक्षीला वाल्मीक

माझा चुलतभाऊ वाल्मीक याच्याबद्दल मी आजवर कधी चांगलं बोललेलो नाही. आज बोलणार आहे तेही फार चांगलं आहे असं समजू नका. मी सातपूरला एका कंपनीत मशीन ऑपरेटर आहे, तो सायखेड्यात शेतातल्या पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार बदलून त्या पुन्हा भरून देतो. पगार माझा जास्त, फ्लॅट माझा, पोरगी माझी इंग्लिश मीडियमला. तरी गावात मान त्याला. वीस वर्षं झाली, हे मला खुपतंय, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो.

मान कशाचा, तर सहीचा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि आमच्या गावात त्यातला एक वाल्मीक हे ठरलेलंच. आतापर्यंत चाळीसेक मृत्युपत्रांवर त्याने सही केली असेल. कारणं बघायला गेलं तर अगदी साधी. आधार कार्ड कायम वरच्या खिशात, कुणाशी वैर नाही, इकडचं तिकडे करायची सवय नाही आणि बावन्नाव्या वर्षी तब्येत ठणठणीत. म्हातारा गेल्यावर साक्षीदार तरी जिवंत पाहिजे ना. एवढ्यावर माणूस मोठा होतो, आणि मी तीन शिफ्ट करून छोटाच.

पुढे पुढे लोक त्याला सहीबरोबर सल्लाही विचारायला लागले. सहादूतात्या दवाखान्यातून घरी आले आणि म्हणाले, मृत्युपत्र निवांत करू. तर हा त्यांच्या खाटेवर बसून सांगतो, "तात्या, आज धडधाकट हायेत तर आज करा. डॉक्टरचा दाखला जोडा. नंतर पोरं म्हणतील, म्हातारा शुद्धीत नव्हता." वरचं वावर, खालचं वावर असं लिहू नका, गट नंबर घाला, प्रत्येक पानावर सही करा, मन बदललं तर नवीन करता येतं, शेवटचं तेच खरं. पुंजारामचा थोरला पोरगा बँकेत नॉमिनी होता. बाप गेल्यावर सगळी ठेव आपलीच म्हणून तो मोटारसायकल बघायला निघाला होता. वाल्मीकने त्याला दुकानात बसवून चहा पाजला आणि समजावलं, "नॉमिनी म्हणजे पैसा हातात घेणारा. मालक नाय. मृत्युपत्र नाय, म्हणजे तुझ्या आईचा आन् बहिणींचाबी हिस्सा हाय." पोरगा गप घरी गेला. सगळं गाव वा वा करत होतं. अरे, हे सगळं मलाही माहीत होतं! मी मोबाईलवर व्हिडिओ बघतो. पण मला कोण विचारतंय?

त्याचा एक नियम मात्र गावाला पाठ झाला होता. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला बसवायचं नाही, उगाच कोर्टात संशय येतो. त्यामुळे जो साक्षीला, तो वाटणीतून बाहेर, असं लोक धरूनच चालायचे. वाल्मीकला घरी बोलावलेलं दिसलं, की तो वाटणीत येईल ही भीती त्या घरातल्यांना उरायची नाही.

आमच्या थोरल्या काकू, चतुराबाई. काका जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. भावाभावांची वाटणी केव्हाच झालेली, त्यामुळे नदीकाठची दीड एकर काळी जमीन आणि राहतं घर काकूच्या एकटीच्या नावावर. आमच्या दोघांचे वडील कधीच गेलेले, पुतणे आम्ही दोघेच. तिने काहीच लिहून ठेवलं नसतं तर अर्धं मला, अर्धं वाल्मीकला. माझ्या अर्ध्यात मी मनातल्या मनात दोन खोल्याही बांधल्या होत्या. रिटायर झालो की नदीच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचं, एवढंच स्वप्न होतं माझं. कंपनीत आठ तास उभं राहताना मी तेच बघायचो.

वाल्मीक काकूकडे रोज जायचा. गोळ्या आणून द्यायचा, लाइट गेली तर फ्यूज घालायचा. हे प्रेम नसून जमिनीची पेरणी आहे, असं मी माझ्या बायकोला, पूजाला, दर रविवारी सांगायचो. बाकी काकूचं सगळं कुसाबाई करायची. ती पेठ तालुक्याकडची, द्राक्षाच्या छाटणीला टोळीबरोबर आलेली. चौदा वर्षांपूर्वी टोळी परत गेली आणि ही काकूकडेच राहिली. काकूच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा चार महिने तिला उचलून बसवणारी, न्हाऊ घालणारी तीच. तिच्याकडे आमचं कुणाचं लक्ष नव्हतं. आमचं लक्ष एकमेकांवर.

जानेवारीत काकूचा फोन आला. "योगेश, मंगळवारी निफाडला ये. मृत्युपत्र करायचंय. साक्षीला तू."

"मी?" माझी छाती फुगली. "आन् वाल्मीकभाऊ?"

"त्याला येगळं सांगितलंय," म्हणाली आणि फोन ठेवला.

अर्धा मिनिट मी खूश होतो. अखेर कुणाला तरी माझी सही आठवली! पूजा कणीक मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "साक्षीला तुम्ही, म्हणजे जमीन भाऊजींना."

ज्या मानासाठी मी इतकी वर्षं जळलो, तो मान काकूने मला दिला होता, आणि त्याच्या बदल्यात दीड एकर वाल्मीकला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग ठरवलं, जायचं, पण आधार कार्ड घरी ठेवायचं. विसरलो म्हणायचं. ऐनवेळी दुसरा साक्षीदार मिळणार नाही, त्या दिवसाचं काम पुढे ढकललं जाईल. काकू ब्याऐंशी वर्षांची. पुढे ढकलता ढकलता काही झालंच, तर अर्धं माझं. असा विचार मी केला, लाज वाटते सांगायला, पण केला.

निफाडला नोंदणीच्या कार्यालयाबाहेर वाल्मीक आधीच उभा. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. नवा मालक नटून आलाय, असं मनात आलं आणि मी त्याच्याकडे न बघता काकूच्या पाया पडलो. वकिलांनी कागद काढले आणि आधार मागताना नावं वाचली. साक्षीदार नंबर एक, वाल्मीक. साक्षीदार नंबर दोन, योगेश.

आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बघितलं. त्याचं तोंड असं उतरलं, की काय सांगू! त्यालाही माझ्यासारखंच काहीतरी सांगितलेलं असणार. आयुष्यात पहिल्यांदा मला तो आवडला.

"मग जमीन कुणाला?" मी विचारलं. साक्षीदाराने हे विचारायचं नसतं, वाल्मीकनेच शिकवलेलं.

"कुसाबाईला. घरबी तिलाच," काकू म्हणाली. "तिच्या बापाच्या सातबाऱ्यावर तिचं नाव हाय, शेतकरी हाय ती, म्हणून जमीन तिच्या नावावर व्हायला अडचण नाय. वकीलसायबांनी सगळं तपासलंय."

"आम्ही तुझे पुतणे ना, काकू?" वाल्मीकचा आवाज चिरका निघाला.

"म्हणून तर बोलावलं. एकाला दिली असती, तर दुसऱ्यानं मी मेल्यावर मला येडी ठरवलं असतं. दोघांना दिली असती, तर बांधावर काठ्या निघाल्या असत्या. आन् तिला दिली आन् तुम्हाला नाय सांगितलं, तर तुम्ही पहिल्यांदा एक होऊन तिला हाकलून दिलं असतं. आता तुम्ही दोघं सही करा. उद्या कोर्टात कुणी इचारलं, तर म्हातारी शुद्धीत होती, हे तुम्हीच सांगायचं. नसंल करायची तर तसं सांगा, वकीलसायबांनी बाहेर दोन माणसं बसवून ठेवलीत."

माझ्याकडे आधार कार्ड नव्हतं. नाही म्हणायला ते एक कारण तयार होतं. पण वाल्मीकचा चेहरा समोर होता, आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की याला काही मिळत नाही. रोज गोळ्या आणून, फ्यूज घालून, याला काही मिळत नाही! मी मोबाईलमध्ये आधार उघडून स्वतःहून वकिलांपुढे धरलं. काकूने आमच्यादेखत प्रत्येक पानावर सही केली. मग वाल्मीकने केली, मग मी. माझी सही चांगली ऐसपैस आली.

काकू वकिलांच्या गाडीतून गेली. मी वाल्मीकच्या मोटारसायकलवर मागे बसलो. वाटेत चांदोरीला चहाला थांबलो, तेव्हा तो बशीत बघत म्हणाला, "योगेश, खरं सांगू का? राग मानू नको."

"बोला, भाऊ."

"ती रोज तुझंच कौतुक सांगायची मला. माझा योगेश कंपनीत, माझ्या योगेशचा फ्लॅट. गोळ्या मी द्यायचो आन् ऐकायचो तुझं. मला वाटलं होतं, जमीन तुलाच देईल. दोन दिवस झोपलो नाय. आज साक्षीत तुझं नाव ऐकलं आन् लय गार वाटलं बघ."

"मलापण," मी म्हणालो.

तो हसला. मीही हसलो. चहाचे पैसे मी देतो, मी देतो म्हणून आम्ही भांडलोसुद्धा, आणि मग त्याच्या खांद्यावर हात टाकून मी मोटारसायकलवर बसलो. वीस वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. गाडी सायखेड्याच्या पुलावर चढली. डाव्या हाताला काकूचं वावर दिसलं. कुसाबाई कांद्याला पाणी देत होती. वाल्मीकने गाडीचा वेग कमी केला, आणि जमीन गेली हे आम्हा दोघांच्या तेव्हा लक्षात आलं.